तोंड पाहून बाटली घ्या

मे महिन्यात दिल्ली मेट्रोच्या डब्यात चढा, दर दुसऱ्या सॅकच्या खिशात स्टीलची बाटली दिसेल. प्लास्टिक मागे पडतंय, फार चांगलं आहे. पण ही बाटली घेताना लोक बघतात दोनच गोष्टी : रंग आणि '२४ तास थंड'चा कागद. माझं म्हणणं, आधी तोंड बघा. घासणी धरलेली बोटं आत जात नसतील, तर ती बाटली परत ठेवा.

गेल्या थंडीत मांगर बनीत गेलो होतो. गुरुग्राम आणि फरिदाबादच्या मधलं धौच्या झाडांचं हे रान. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या देवराईसारखं राखलेलं. चढावर सोबतच्याने बाटली पुढे केली. महागाची होती, पण तोंडाला लावताच कुबट वास. खाली बसून सेफ्टी पिनने झाकणातली रबरी रिंग काढली. खाली काळा, बुळबुळीत थर. बाटली रोज विसळली जात होती, रिंग मात्र दोन वर्षांत एकदाही निघाली नव्हती. म्हणून दुकानातच झाकण उलटं करून बघा : रिंग निघते का, नवी मिळते का?

दुसरी गोष्ट स्टीलची. ३०४ प्रतीचं स्टील म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. ते लवकर गंजतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्यावर जाऊ नका. चुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही, मग त्यातून सिद्ध काय होणार? त्यापेक्षा आयएसआयचा शिक्का शोधा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या सक्तीचे आदेश काढले. साध्या बाटलीवर आयएस १७८०३, थंड-गरम ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या बाटलीवर आयएस १७५२६. हा आकडा वाचायला चष्मा लागला तर लावा, पण वाचा.

तिसरी, वजन. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. त्यावर दुहेरी बाटलीचं जवळजवळ अर्धा किलो कशाला वाहायचं? डोंगरात एकेरी भिंतीची न्या. ऑफिसला, ४५ अंशांच्या दुपारी, दुहेरीच हवी. ती गॅसवर किंवा शेकोटीत मात्र कधीही ठेवू नका. भिंतींमधली पोकळी सीलबंद असते, तापली तर फुटू शकते.

आणि रोज रात्री झाकण, रिंग, बाटली सुटी करून धुवा, पालथी घाला. दिल्लीच्या उन्हात रस्त्यावर कुणीही कधीही पाणी मागेल. त्या वेळी मनात काहीही न आणता पुढे करता येते, ती बाटली चांगली.