गावची सिस्टर

मिरजेत माझ्या आईला नावानं हाक मारणारं कुणी नाही. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची ती ‘सिस्टर’. ती गावाची बहीण, म्हणजे मी गावाची भाची, हा हिशेब मी लहानपणी केला होता. एकाही मामानं फुकट चिंच दिली नाही, ते सोडा.

अम्मा केरळातल्या कुट्टनाडची. समुद्रसपाटीच्याही खाली भात पिकवणारा तो मुलूख. विल्यम वानलेस या कॅनेडियन डॉक्टरांनी 1894 मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल काढलं, मग नर्सिंगची शाळा आली, मागोमाग इतर दवाखाने, आणि पुढं तर असं झालं की निम्मा उत्तर कर्नाटक आजारी पडला की मिरजेची वाट धरी. एवढ्या पेशंटांना सिस्टर हव्यातच. सत्तरच्या दशकात अम्मा बेंगळुरूहून मीटरगेजच्या गाडीनं इथं उतरली, पत्र्याची पेटी घेऊन. तेव्हा मिरज स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि पंढरपूरकडं जाणारी नॅरो, असे तीन मापांचे रूळ होते. कुठल्याही मापाचा माणूस इथं खपेल, असं तिला वाटलं म्हणे. (हे तिला नंतर सुचलं असणार. उतरताना ती फक्त रडत होती, असं बाबा सांगतात, आणि बाबा तेव्हा तिथं नव्हतेच.)

मराठी ती वॉर्डात शिकली. त्यामुळे ‘बाजार कुठं आहे?’ विचारता येण्याआधी तिला ‘परसाकडं झाली का?’ विचारता यायचं. अथणी-जमखंडीच्या पेशंटांमुळे तेवढीच कन्नडही आली. बाकी सगळं आज्ञार्थी: आ करा, कूस बदला, जोरात श्वास घ्या. लक्ष्मी मार्केटात ती टोमॅटो दाबून विचारी, “कधीपासून असं आहे?” मल्याळममध्ये क्रियापदाला बाई-पुरुष असा भेद नाही, म्हणून आमच्या घरी कायम ‘बाबा आली’. बाबाही तिकडचेच, रेल्वेतले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाइट करून ती आली की दिवसभर घराला कुलूप घातल्यासारखी शांतता. आम्ही भावंडं खुणांनी भांडायचो. पाहुणे म्हणत, काय शिस्तीची मुलं! पगारातली मनीऑर्डर दर महिन्याला गावी जायची, धाकट्या भावंडांच्या फीसाठी. त्यातूनच तिनं स्वतःच्या हुंड्याची रक्कमही साठवली होती. ही गोष्ट ती हप्त्यानं घेतलेल्या शिलाई मशीनसारखी सांगते. मला ऐकताना राग येतो. तिला माझ्या रागाचं नवल वाटतं.

निवृत्तीनंतर एका महिला दिनी शाल-श्रीफळ मिळालं. सूत्रसंचालिकेनं भारावून विचारलं, “सिस्टर, एवढं सगळं कसं सोसलंत?”

अम्मा माइकवर म्हणाली, “रजा मिळत नव्हती.”

लोक हसले. मला नाही वाटत ती विनोद करत होती. आपण तिची ताकद म्हणून जे मिरवतो, त्यातली बरीचशी तिच्या लेखी नुसती न मिळालेली झोप आहे.

2018 च्या ऑगस्टमध्ये केरळ बुडालं तेव्हा अम्मा फोनजवळून हलली नाही. पुढच्याच ऑगस्टला कृष्णा चढली, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, आणि आता फोन तिकडून येऊ लागले. आमचं घर उंचावर, पाण्यापासून लांब. तरी अनुभवी मावशीनं सूचनांचा सपाटा लावला: भात माळ्यावर टाका, कोंबड्या आत घ्या, होडी नीट बांधा. आमच्याकडं एक स्कूटर होती.

“बांधली,” अम्मा मल्याळममध्ये म्हणाली, फोन ठेवला आणि तांदळाचा डबा उघडून माणशी किती लागेल ते मोजायला बसली. कृष्णाघाटावरचं एक कुटुंब, आजीसकट, आमच्याकडं राहायला येतंय, हे आम्हाला तेव्हा कळलं.