उद्यापासून रनिंग

बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांत एक जात अशी असते, की तिला या खेळातलं सगळं आवडतं, फक्त पळणं सोडून. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ही जात चांगली फोफावली आहे. हातांना पट्ट्या गुंडाळण्यात हा निम्मी संध्याकाळ घालवेल. बॅगवर असा तुटून पडेल की वरची साखळी कुरकुरेल. आरशासमोर शॅडो करताना तर त्याला अजून कुणी हरवलेलं नाही. पण सरांनी “सकाळी रनिंग मारतोस ना?” असं विचारलं, की त्याची नजर थेट बुटांच्या नाड्यांवर जाते. “उद्यापासून, सर.”

त्याचा हिशेब साधा आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. म्हणजे मारामारी एकूण नऊ मिनिटांची. तेवढ्यासाठी रोज पाच किलोमीटर? बाजारात वाढलेलं पोर, असला भाव त्याला कसा पटेल? शिवाय त्याच्याकडे शास्त्रही असतं. संथ पळणं आता जुनं झालं, हल्ली सगळे इंटरव्हल करतात, हे तो मोबाइल पुढे धरून सांगतो. यात तथ्य आहे, हीच पंचाईत. वेगाचे छोटे छोटे टप्पे बॉक्सरच्या कामाचेच असतात. फक्त हा तेही पळत नाही. संथ पळायचं नाही कारण इंटरव्हल बरं, आणि इंटरव्हल करायचं नाही कारण गुडघे.

बिल येतं ते दुसऱ्या राउंडच्या मध्यावर. हनुवटीशी असलेले हात आधी छातीवर येतात, मग पोटावर. तोंड उघडं पडतं, त्यातून गमशील्ड डोकावायला लागतं. मग हा प्रतिस्पर्ध्याला लग्नात भेटलेल्या मामासारखी मिठी मारतो आणि पंच सोडवेपर्यंत सोडत नाही. मधल्या एका मिनिटात श्वास खाली बसायला हवा, ठोके उतरायला हवेत. ते उतरतात पळणाऱ्याचे. याला स्टुलावर बसवून पाणी पाजेपर्यंत घंटा होते. “हात जड झाले, सर,” असं तो सांगतो. खरं तर दम संपलेला असतो. हात बिचारे आळ अंगावर घेतात.

प्रयत्न तो करत नाही असं नाही. आमच्या ओळखीचा नमुना उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला. 1949 साली निर्वासितांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या या गावात जगातली कुठलीही वस्तू मिळते, निदान तिच्यासारखी दिसणारी तरी. याने आधी बूट घेतले, मग घामाचा सूट, मग मनगटावरचं घड्याळ. पुढे कुठूनसं कळलं की मोहम्मद अली जड लष्करी बूट घालून पळायचा. लगेच तेही आले. पहिल्याच सकाळी टाचेला फोड आला आणि आठवडाभर रजा मंजूर झाली. “दळण आणायला पाठवलं की याचे पाय दुखतात,” आई शेजारणीला म्हणाली, “आणि आता पाय दुखवायला पैसे घालवून आलाय!”

मग ‘रॉकी’ पाहून झाला. 1976 सालच्या त्या सिनेमात नायक फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाच्या पायऱ्या चढून वर हात उंचावतो. आपल्याकडे तेवढ्या पायऱ्या सलग मिळणार कुठे? अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर. सकाळी लोकलच्या वेळेला हा गर्दीच्या उलट दिशेने चढला, वर पोचला, दोन्ही मुठी आभाळाकडे केल्या. मागून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “बाजूला हो रे बाळा, गाडी लागलीय.” पायऱ्यांचा व्यायाम तिथेच संपला.

याचा बदलापूरचा भाऊबंद कारणांच्या बाबतीत आणखी श्रीमंत. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो, थंडीत अंग आखडतं, आणि पावसाळ्यात उल्हास नदी आहेच. 2019च्या जुलैमध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हा त्याचा दाखला साध्या रिमझिमीतही देतो. “एक्स्प्रेस अडकते, सर. माझं काय?” अंबरनाथवाला एमआयडीसीच्या वासावर बोट ठेवतो. कुत्री मात्र तिन्ही गावांत समान आहेत. आणि एक सांगतो, याचं खरंखुरं इंटरव्हल जे काही झालं असेल ते कुत्र्यांनीच करून घेतलेलं.

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरंही पळत असतात. त्यांना सोळाशे मीटरचे मार्क असतात, सेकंद चुकला की मार्क जातो, म्हणून उठण्यासाठी त्यांना व्हिडिओ बघावे लागत नाहीत. “चल रे बॉक्सर,” ती हाक मारतात. आमचा पाच नंबरवाला दोनशे मीटर त्यांच्याबरोबर जातो आणि शिवमंदिरापाशी थांबतो. इसवी सन 1060चं ते मंदिर. कोरीव काम बघत होतो, असं नंतर सांगतो. साडेनऊशे वर्षं मंदिर जागचं हललेलं नाही. याला तिथे गेल्यावर बरं वाटतं ते उगाच नाही.

सर जुने. त्यांनी जोशाची भाषणं केली नाहीत. एका संध्याकाळी मंदिरापलीकडच्या हॉलची किल्ली याच्या हातात दिली आणि म्हणाले, “सकाळी साडेपाचला उघडायचं. मला जमत नाही आता.” बस, एवढंच. हा फुशारला. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पोचला, तर बंद दारासमोर बारा-तेरा वर्षांच्या तीन मुली घामाघूम उभ्या. “दादा, आम्ही दोरीचे राउंड बाहेरच मारले,” त्यातली एक म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता. तेच जास्त लागलं असावं.

आता अडचण अशी, की पाच नंबरहून त्या वेळी शेअर रिक्षा भरत नाही, एकट्याने यायचं तर रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं, आणि बाइक वडिलांच्या फर्स्ट शिफ्टला जाते. उरतात दोन पाय. त्यामुळे हल्ली हा रोज पळतो. रनिंग करतो असं मात्र अजून म्हणत नाही. “हॉल उघडायला जातो,” म्हणतो. गेल्या महिन्यात सरावाच्या लढतीत तिसऱ्या राउंडला याचे हात हनुवटीशी होते. लढत हरला, पण मामाला मिठी मारली नाही. सरांनी काही म्हटलं नाही. किल्लीही परत मागितली नाही.

तेव्हा पहाटे शिवमंदिराच्या रस्त्यावर खिशात किल्ली खुळखुळवत पळणारा एखादा पोरगा दिसला, तर कृपा करून त्याला थांबवून वेळ विचारू नका. थांबायला त्याला तेवढं कारण पुरतं.