समुद्राचा फेरफार

महसूल खात्यात 34 वर्षे घालवून, त्यांतील अखेरची चार नायब तहसीलदाराच्या खुर्चीत काढून, ज्याने उभ्या हयातीत जमिनीवाचून दुसऱ्या कोणत्याही महाभूताची फारशी दखल घेतली नाही, अशा गृहस्थाला निवृत्तीनंतर सात रात्री पाण्यावर ठेवावे, ही कल्पना आमच्या जावईबापूंना सुचली त्या वेळी त्यांच्या मनात भक्ती अधिक होती की सूड, याचा निर्णय आम्हांला अद्याप करता आलेला नाही. भूमध्यसमुद्रातील ही जलयात्रा ‘रोमहून’ निघते असे कागदोपत्री नमूद होते. प्रत्यक्षात जहाज सुटते ते चिविताव्हेक्या बंदरातून, आणि हे बंदर रोमपासून 70-80 किलोमीटर दूर आहे. कऱ्हाडला गाडीत बसावे आणि कोल्हापूरहून निघालो म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. चतुःसीमेची इतकी ढोबळ चूक आमच्या तलाठ्याने केली असती, तर आम्ही त्याचा खुलासा मागविला असता.

जहाज कसले, चौदा मजल्यांची चाळ कोणी समुद्रात ढकलून दिली होती. तिच्याकडे मान वर करून पाहता पाहता आमच्या कुटुंबाच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो असा : “अहो, एवढ्या बिऱ्हाडांना पाणी किती वाजता सोडत असतील हो?”

भोजनगृहाविषयी बोलावे तितके थोडे. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तेथे पदार्थांची जी आरास मांडलेली असे, तिच्यात उकडलेले, वाफवलेले, गारठलेले आणि वर अजमोद भुरभुरवलेले सारे काही होते. नव्हते ते एवढेच, की जिभेला ज्याची दखल घ्यावीशी वाटेल. तिसऱ्या दिवशी कुटुंबाने पिशवीतून कांदा-लसूण चटणीची बरणी काढून ती पांढऱ्याशुभ्र मेजावर ठेवताच आमच्या मेजाची व्यवस्था पाहणारा तरुण जागच्या जागी थबकला. तो निघाला गोव्याचा, साष्टीकडचा. बाप तारवटी, आजा तारवटी, आणि हा तिसऱ्या पिढीचा. इकडेतिकडे पाहून त्याने हलकेच विचारले, “काकी, चमचाभर मिळेल?” त्या दिवसापासून आमच्या मेजावर, कोणत्याही छापील यादीत नसलेला, वाफाळता पांढरा भात विनाअर्ज येऊ लागला. वशिल्याचा लाभ आम्ही नोकरीत कधी घेतला नाही; तो असा परमुलखात घडला.

सान्तोरिनीविषयी थोडक्यात सांगतो, कारण आम्ही ते थोडक्यातच पाहिले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीने या बेटाचा मध्यभाग उडवून दिला, आणि उरलेल्या कड्यावर गाव वसले. खालच्या धक्क्यावरून वर जाण्यास सहाशेच्या आसपास पायऱ्या, खेचरे किंवा रज्जुमार्ग. आम्ही रज्जुमार्गाच्या रांगेत दोन तास उभे राहिलो, वर जाऊन एक निळा घुमट पाहिला आणि परतीच्या रांगेत येऊन उभे राहिलो. साडेपाचला जहाज सुटते, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही, हे फर्मान रोज सकाळी ध्वनिक्षेपकावरून सुनावले जात असे.

आमची खरी गाठ पडली ती एफेससशी. तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरात उतरून मोटारीने तेथे जावे लागते. आता हे नगर कोणे एके काळी स्वतःच एक नामांकित बंदर होते, मग बंदर पाहण्यासाठी दुसऱ्या बंदरात का उतरावे, ही शंका आम्ही आमच्या वाटाड्या बाईंना विचारली. त्यांनी आम्हांला प्राचीन नाट्यगृहाच्या पायथ्याशी नेले. चोवीस-पंचवीस हजार माणसे सहज मावतील असे ते नाट्यगृह. त्याच्यासमोरून संगमरवरी फरसबंदीचा, दुतर्फा खांबांचा एक सरळ राजरस्ता बंदराकडे निघतो, अर्धा किलोमीटर रुबाबात चालत जातो, आणि शेवटी पाणथळ गवतात जाऊन मुकाट्याने थांबतो. समुद्र नाही. समुद्र आज तेथून दोनेक कोस दूर आहे. कायस्टर नदीने शतकानुशतके गाळ आणून टाकला आणि समुद्र मागे मागे सरकत गेला.

या ठिकाणी आमचा महसुली आत्मा जागा झाला. गाळ साचून तयार झालेली ही कित्येक चौरस कोस मळईची जमीन कोणाच्या नावे लागली? समुद्राचे नाव कमी करून नदीचे नाव दाखल झाले त्या फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना बजावली होती काय? वाटाड्या बाई म्हणाल्या की प्राचीन भूगोलकार स्ट्राबो याने या प्रकरणाची हकीकत लिहून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अॅटलस फिलाडेल्फस नावाच्या राजाने, तोंड अरुंद केले म्हणजे बंदर आपोआप खोल होईल अशा समजुतीने, मुखाशी धक्का बांधविला. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर जो गाळ बाहेर निघून जात असे, तो त्या धक्क्यामुळे आतच अडकला आणि बंदर खोल होण्याऐवजी उथळ झाले. हे ऐकून आम्हांला एवढ्या लांबवर अगदी घरी आल्यासारखे वाटले. असा बंधारा आमच्याही तालुक्यात आहे.

तेथील सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत पाहून लोक छायाचित्रे घेत होते. हा सेल्सस रोमन आमदानीत या प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या मुलाने बापाच्या स्मरणार्थ ग्रंथालय बांधले आणि बापाला त्याच्याच खाली पुरले. मरणोत्तरही दफ्तराखालीच राहणारा अधिकारी पाहून आमचे मन भरून आले. आमचे चिरंजीव मात्र आमची जुनी कागदपत्रे रद्दीत घालण्याच्या घाईत आहेत. शेजारीच संगमरवरी बैठकींचे सार्वजनिक शौचालय आहे, भोके एका ओळीत, मध्ये आडोसा कसला तो नाही. कुटुंबाने पदर नाकाला लावला, जणू दोन हजार वर्षांत सफाई झालीच नव्हती.

पुढे अथेन्स. पार्थेनॉनचे काम इसवी सनापूर्वी 447 मध्ये सुरू झाले. ते आधी देवीचे मंदिर, मग ख्रिस्ती देवालय, मग मशीद, आणि अखेर तुर्कांचे दारूगोळ्याचे कोठार. 1687 साली व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला आणि जे व्हायचे ते झाले. परवानगीवाचून वापरात बदल केला की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. परंतु आम्ही हात जोडले ते वेगळ्याच गोष्टीला. या बांधकामाचा जमाखर्च अथेन्सकरांनी संगमरवरावर कोरून चारचौघांत मांडला होता. त्या शिलालेखाचे तुकडे आजही शिल्लक आहेत. त्यात लॅम्पसाकस नगरीच्या 70 सुवर्णमुद्रा आणि सिझिकसच्या 27 व एक षष्ठांश मुद्रा ‘मागील शिल्लक’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ओढलेल्या आढळतात. कोणी त्या खर्चिल्या नाहीत, कोणी त्या निर्लेखित करण्याचे धाडसही केले नाही. तो अज्ञात कारकून आम्ही पाहताक्षणी ओळखला. आमच्याच शेजारच्या मेजावर तो बसत असे.

शेवटचा मुक्काम नेपल्स. पॉम्पेईत रथांच्या चाकांनी दगडी रस्त्यांवर पाडलेल्या चाकोऱ्या पाहून आम्ही दुपारी शहरातील पुराणवस्तुसंग्रहालय गाठले. तेथे ‘गुप्त कक्ष’ नावाचे दालन आहे. 1819 साली तेथील राजपुत्र पत्नी व कन्येसह संग्रह पाहण्यास आला, आणि पॉम्पेईकरांच्या घरांतून निघालेली शृंगारिक चित्रे व शिल्पे पाहून इतका ओशाळला, की ती सारी कुलपात ठेवण्याचा हुकूम सुटला; पुढे पुष्कळ काळ प्रौढ व शीलवान पुरुषांनाच तेथे परवान्याने प्रवेश मिळे. आम्ही प्रौढ आहोत, शीलवानही आहोत. परंतु सोबत कुटुंब होते. माघारी वळणार, तोच कुटुंब आत जाऊन एका काचपेटीसमोर उभे राहिलेले दिसले.

पेटीत वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती होती : अंगभर दागिने, दोन्ही बाजूंस दोन दासी. ही 1938 साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसने ते नगर राखेखाली गाडण्यापूर्वी ती हिंदुस्थानातून तेथे पोचली होती. लोक तिला लक्ष्मी म्हणतात, विद्वान यक्षी म्हणतात. तिच्यासारखेच हस्तिदंती काम आपल्या तेरला आणि भोकरदनला उत्खननात मिळाले आहे, हे आम्ही कुठेतरी वाचलेले ज्ञान मोठ्या तोऱ्यात सांगितले. कुटुंबाचे माहेर जालन्याचे. भोकरदनचे नाव ऐकताच तिचा चेहरा पालटला. तिने भोवतालच्या भिंतींवरून एकवार नजर फिरवली, ती तत्काळ खाली घेतली, आणि म्हणाली, “माहेरच्या बाईला ठेवायला यांना हीच खोली मिळाली?” मग हात जोडले. ओटी भरायला जवळ काही नव्हते याची चुटपुट तिला जहाजावर परतेपर्यंत लागून राहिली. आम्ही साडेपाचला तेरा मिनिटे कमी असताना परतलो.

कोल्हापुरास आल्यावर आमच्या एका इतिहासप्रेमी मित्राने हा वृत्तांत ऐकून विचारले, “ती तिकडे गेली हे खरे, पण तिकडून इकडे आलेला पाहिलात का?” तो राहतो आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, टाउन हॉलच्या संग्रहालयात. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव पॉसायडन. कांस्याचा, वीतभरही न भरणारा, हातातले त्रिशूळ केव्हाच गहाळ झालेला. साठ वर्षे या गावात राहून आम्ही त्याला पाहिले नव्हते. कुटुंबाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि त्याच्या वस्तीपासून समुद्र किती लांब म्हणून विचारले. रत्नागिरी धरली तर सव्वाशे किलोमीटरांच्या वरच, असे आम्ही सांगितले.

“मग याला एकदा रत्नागिरीला नेऊन आणायला हवं,” ती म्हणाली.

या कामी अर्ज कोणाकडे व कोणत्या नमुन्यात करावा लागतो, हे वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. आवश्यक ती कोर्ट फी आम्ही भरू.