राखडबाईंना खुले पत्र

श्रीमती राखडबाई यांस,
मु. खसाळ्याचा राखेचा बंधारा, कोराडी औष्णिक वीजकेंद्र, जि. नागपूर.

स. न. वि. वि.

जुलै २०२२ मध्ये आपण बंधारा फोडून बाहेर पडलात, शेतांत शिरलात आणि नाल्यावाटे थेट कोलार, कन्हान या नद्या गाठल्यात. कन्हानचं पाणी नागपूरकर पितात. अशा वेळी पावसाकडे बोट दाखवायची आपल्याकडे रीत आहे. मी मात्र जाब आपल्यालाच विचारतो. बाकी सगळे निर्दोष निघाल्यावर दुसरं उरतं कोण?

मुळात आपलं वळणच वाईट. १०० किलो देशी कोळसा जाळावा, तर ३०-४० किलो राख आपली हजर. बॉयलरमध्ये हजार-दीड हजार अंशांना कोळशातली माती वितळते, धुराबरोबर उडता उडता तिचे थेंब होतात आणि झटकन निवून काचेच्या गोळ्या बनतात. बहुतेक केसाहून बारीक, गुळगुळीत, एकमेकींना अजिबात न धरणाऱ्या. अशांना पाण्यात कालवून, पाइपातून नेऊन बांधाआड साठवलं, तर फट मिळताच त्या वाहणार हे कोणाला कसं कळावं? अभियांत्रिकीच्या पुस्तकांत छापलेलं असतं, एवढंच.

चुन्याच्या बाबतीतही आपण कद्रू. सिलिका, ॲल्युमिना भरपूर, लोह बऱ्यापैकी, चुना मात्र नावाला. म्हणून नुसत्या पाण्यात वर्षं काढलीत तरी आपण घट्ट होत नाही. तोच चुना बाहेरून मिळाला की सिमेंटचं काम करता. पीपीसी नावाच्या सिमेंटच्या पोत्यात ३५ टक्क्यांपर्यंत आपणच असता. पण त्यासाठी आपल्याला कोरडं उचलून सायलोत, म्हणजे बंद कोठीत, ठेवावं लागतं. पाण्यात सोडून देणं किती सोपं!

खरी लबाडी आपल्या धाकट्यांची. भट्टीत आर्सेनिक, सेलेनियम यांची वाफ होते आणि धूर निवताना ती आपल्याच अंगावर बसते. कण जितका बारीक, तितकं वजनाच्या मानाने अंग मोठं, म्हणजे विषाला जागाही जास्त. धुरातली राख पकडणारा ईएसपी वजनाने ९९ टक्क्यांहून अधिक माल धरतो, असं अभिमानाने सांगतात. निसटतात त्यांत या धाकट्यांचाच भरणा. टनांच्या हिशोबात त्या दिसत नाहीत. फुप्फुसात वजनकाटा नसतो, तिथे त्यांचं छान चालतं.

सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून आपल्याला कामाला लावायचं ठरवलं. ३१ डिसेंबर २०२१ ला पुन्हा ठरवलं. या खेपेला वीजकेंद्रांना टनामागे १,००० रुपये भरपाईचा धाक घालून. बंधाऱ्यांत वर्षानुवर्षं साचलेल्या आपल्या थोरल्या बहिणींपर्यंत अजून टपाल पोचलेलं दिसत नाही.

कळावे,
कन्हानचं पाणी पिणारा एक ग्राहक

ता. क. आपल्यातल्या काही गोळ्या आतून पोकळ असतात, त्या पाण्यावर तरंगतात आणि बाजारात त्यांनाच चढा भाव मिळतो म्हणे. सरकारी कचेरीची ही रीत आपण इतक्या लवकर कुठे शिकलात?