पंक्तिभेदी अव्वल कारकून

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या ज्या गावी तालुक्याची कचेरी आहे, त्या त्या गावी आवाराबाहेर पिंपळाच्या सावलीत संगणक मांडून बसलेला एखादा निवृत्त अव्वल कारकून हटकून आढळतो. नोकरी सुटली तरी कचेरी काही त्याला सुटलेली नसते. वारसनोंदीच्या अर्जात दर नावाला स्वतंत्र ओळ हा त्याचा कुलाचार, आणि टंकयंत्राचा गाडा रेटण्यात हयात गेलेली असल्यामुळे एन्टरची कळ तो अशा आवेशाने हाणतो की शेजारच्या टपरीतल्या कपबश्या किणकिणतात. गाडा मागे नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या त्या यंत्राच्या दोन क्रिया १३ व १० या क्रमांकांच्या अदृश्य चिन्हांच्या रूपाने संगणकाच्या पोटात अद्याप नांदतात, हे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने समाधानाने तपकीर ओढली असती.

परंतु डेटाबेसात सुखरूप पोचलेली ती चिन्हे ब्राउझरच्या पानावर उतरताना केवळ मोकळी जागा ठरतात. परिणामी महादू, धर्मा, गोमा आणि नामा हे एकमेकांचे तोंड न पाहणारे चार सख्खे भाऊ सलग एका ओळीत येऊन, धर्मा हा महादूचा बाप, गोमा आजा आणि नामा पणजा होऊन बसतो, आणि बँकेतला साहेब त्या लांबलचक इसमाला सहीसाठी समक्ष हजर करण्याचे फर्मावतो. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा याच कारकुनाचे आजोबा मोडीत दप्तर लिहीत; कागदभर आधी शिरोरेषा ओढायची, तिला अक्षरे लटकवीत जायचे, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. ही परंपरा यंत्राने पुढे चालवावी, हे नातवाला मात्र काही मान्य झाले नाही.

“भाऊसाहेब, ओळ आत शाबूत आहे, दाखवताना तिथे ओळ तोडणारा बीआर लागतो,” असे पनवेलच्या एका प्रोग्रॅमर पोराने सहज सांगितले. ते काम प्रोग्रॅमने करायचे असते, ही पुस्ती ऐकण्याइतका धीर आमच्या गृहस्थाला कुठला! त्याने कंस घालून दर नावापुढे स्वहस्ते बीआर टंकला, बाहेरून आलेल्या असल्या खुणा प्रणाली सुरक्षेखातर निव्वळ अक्षरे मानीत असल्याने तो जसाच्या तसा छापला गेला, आणि तलाठ्याने समासात शेरा मारला: “बीआर हा वारस कोण, खुलासा व्हावा.” दुसऱ्या दिवशी चारही भाऊ, जन्मात प्रथमच, एका बाकावर बसून एकाच कागदावर हरकत नोंदवीत होते.