बेटावरचं श्रमदान

बोरिवलीच्या सुखवस्तू कुटुंबांनी खाडीपलीकडे, गोराई-मनोरीला दुसरं घर घेण्याची प्रथा पाडली, त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. ‘आमचं बेटावर घर आहे’ हे वाक्य लिफ्टमध्ये सहज टाकता येतं, हा लाभ वेगळाच.

पाडवा जवळ आला की शनिवारी सकाळी कुटुंब केरसुणी, फिनेल आणि रंगाचे डबे घेऊन फेरीबोटीत बसतं. घरी चहाचा कपही जागचा न हलवणारे बाबा तिथे शिडीवर चढून कौलं शाकारतात. चिरंजीव विहिरीतला पाला काढतात आणि पाल्यासकट फोटो काढून घेतात. आई दोन्हीकडे स्वयंपाकच करते. काही परंपरा जपल्याच पाहिजेत.

पाणी ओलांडताच माणसाला काम सुचतं, हे आता सिद्ध झालं आहे. सबब महापालिकेने अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथल्या प्रत्येक इमारतीभोवती खंदक खणावा. जुलैत ती सोय आपोआप होतेच. ती फक्त बारमाही करायची.

एवढ्यात शाळकरी लेकीने नकाशा उघडला. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. मधलं सगळं साष्टी बेट; बोरिवलीचा फ्लॅट त्याच्यावरच. आजींनी तत्काळ पंखे पुसायचं फडकं बाबांच्या हाती ठेवलं.

नकाशाच्या अचूकतेबद्दल बाबांनी गंभीर शंका उपस्थित केली आहे.