भाव शिकागोचा, हर्रास कळमन्याचा

नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डात सोयाबीनचा ढीग पडला की व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा जोखतो आणि बोली लावतो. ओलाव्याचे, मातेऱ्याचे पैसे तिथे कापले जातात. मूळ भाव मात्र शिकागोच्या वायदेबाजारातून, ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावरून आणि इंडोनेशियाच्या पामतेलावरून ठरून आलेला असतो.

जगाचे धक्के शेतकऱ्याने सोसायचे, हे ठरलेलंच आहे. पण त्याच्या हातातली ढालही आपण काढून घेतली. २० डिसेंबर २०२१ रोजी बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू यांच्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले. हेतू महागाई रोखण्याचा होता. दोनच महिन्यांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. वायदे बंद असूनही तेल भडकलंच. निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या देशात भाव मुंबईतल्या सट्ट्याने चढत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. तरी बंदीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली.

मग मंदी आली. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि विदर्भातला शेतकरी त्याच्या कितीतरी खाली माल विकत होता. सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं; मे २०२५ मध्ये ते पुन्हा साडेसोळावर आणलं. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने काय अंदाज बांधायचा?

एकटा शेतकरी वायद्यात उतरत नाही, हे खरं. पण त्याची शेतकरी उत्पादक कंपनी उतरू शकते. जूनमध्ये ऑक्टोबरचा भाव फळ्यावर दिसला, तर सोयाबीन पेरायचं की तूर, काढणीला लगेच विकायचं की गोदामात ठेवायचं, हे त्याला ठरवता येतं. सट्ट्याची भीती असेल तर सौद्यांवर मर्यादा घाला, मार्जिन वाढवा, लबाडी करणाऱ्याला दंड करा. नियामक त्यासाठीच असतो. कुलूप लावायला नियामक लागत नाही.

ग्राहकासाठी तेजीत बंदी घातली, तर शेतकऱ्यासाठी मंदीत ती उठवायलाच हवी होती. अजूनही उठवा.